देणगीच्या कलमाला धक्का न लावता देणगी महाग कशी झाली: अमेरिकेचा २०१७ चा कर कायदा, एक प्रकरण अभ्यास

मी अमेरिकेत गरजूंना धान्य वाटणाऱ्या एका छोट्या संस्थेचं देणगीदारांचं रजिस्टर सांभाळते, बिनपगारी, शनिवार रविवारी. २०१९ च्या मार्चमधे एका वयस्कर देणगीदारांचा फोन आला, दरवर्षी नेमाने चेक पाठवणारे गृहस्थ, आणि ते विचारत होते की तुम्ही पाठवलेल्या पावतीत काही चूक आहे का, कारण माझा टॅक्सवाला म्हणतोय की यंदा या पावतीचा काही उपयोग नाही. मी पावती काढून बघितली, सगळं बरोबर होतं, रक्कम, तारीख, बदल्यात काही वस्तू किंवा सेवा दिली नाही हे वाक्य, सगळं. पावती ठीकच होती, तिच्या आजूबाजूचा कायदा बदलला होता. त्या वसंतात असे अजून फोन आले आणि तेव्हापासून हे प्रकरण डोक्यात घर करून बसलंय, म्हणून एकदा नीट लिहून काढते.

२२ डिसेंबर २०१७ ला राष्ट्राध्यक्ष ट्रंप यांनी टॅक्स कट्स अँड जॉब्स अ‍ॅक्टवर सही केली आणि २०१८ च्या उत्पन्नापासून तो लागू झाला. देणगीवरची वजावट या कायद्याने काढली नाही, कमीही केली नाही. उलट थोडी वाढवलीच, रोख देणगी आधी उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपर्यंत वजा करता यायची ती मर्यादा ६० टक्के केली. श्रीमंतांच्या एकूण वजावटीला कात्री लावणारा एक जुना नियम होता तोही बाजूला ठेवला. फक्त देणगीचं कलम वाचणाऱ्याला वाटलं असतं की संस्थांचे दिवस चांगले आलेत.

फरक पडला तो शेजारच्या कलमामुळे, स्टँडर्ड डिडक्शनमुळे. अमेरिकेत रिटर्न भरताना दोनच रस्ते असतात, एक म्हणजे सरकारने ठरवलेली ठोक रक्कम डोळे झाकून वजा करायची, ते स्टँडर्ड डिडक्शन, नाहीतर घरकर्जाचं व्याज, राज्याला आणि गावाला भरलेला कर, देणग्या हे एकेक मांडून त्यांची बेरीज वजा करायची, त्याला आयटमाइज करणं म्हणतात. जी रक्कम मोठी ती माणूस निवडतो, आणि देणगीचा फायदा फक्त दुसऱ्या रस्त्याने जाणाऱ्याला मिळतो. २०१७ मधे नवराबायकोच्या एकत्र रिटर्नसाठी ही ठोक रक्कम १२,७०० डॉलर होती ती २०१८ मधे २४,००० झाली, एकट्या माणसासाठी ६,३५० ची १२,०००. त्यातच राज्य आणि स्थानिक कर मिळून जास्तीत जास्त १०,००० डॉलरच वजा करता येतील अशी मर्यादा घातली, म्हणजे एका बाजूने उंबरठा जवळजवळ दुप्पट उंच केला आणि दुसऱ्या बाजूने त्यावर चढायची शिडी आखूड केली.

परिणाम आकड्यात बघा. २०१७ मधे साधारण ४ कोटी ७० लाख रिटर्नमधे आयटमाइज केलेलं होतं, एकूण रिटर्नच्या जवळपास ३० टक्के, आणि २०१८ मधे ती संख्या पावणेदोन कोटींवर आली, म्हणजे ११ टक्क्यांच्या आसपास. जवळजवळ ३ कोटी घरांना एका वर्षात देणगीवरची करसवलत शून्य झाली, आणि त्यासाठी संसदेला देणगी हा शब्दही खोडावा लागला नाही.

हे घराघरात कसं उतरलं ते बघायला एक जोडपं धरू, आकडे मी हिशोब सोपा जावा म्हणून घेतलेत. राज्य आणि मालमत्ता कर मिळून ९,००० डॉलर, घरकर्जाचं व्याज ६,०००, देणग्या ४,०००, बेरीज १९,०००. २०१७ मधे हे १२,७०० पेक्षा जास्त म्हणून ते आयटमाइज करणार, आणि २५ टक्के कराच्या टप्प्यात असतील तर ४,००० च्या देणगीने त्यांचा १,००० डॉलर कर वाचणार. खिशातून खरे गेले ३,०००, म्हणजे संस्थेला एक डॉलर पोचवायला त्यांना ७५ सेंट पडले. अर्थशास्त्रवाले याला देणगीची किंमत म्हणतात आणि मला हा शब्द फार आवडतो कारण तो गोष्ट लपवत नाही. २०१८ मधे तेच जोडपं, तेच १९,०००, पण ठोक वजावट २४,०००, मग ते आयटमाइज करतीलच कशाला. ४,००० दिले काय आणि नाही दिले काय, कर तेवढाच. किंमत ७५ सेंटवरून थेट १ डॉलर, एका वर्षात ३३ टक्के महाग.

आता सगळ्यात श्रीमंत माणसाकडे बघा. त्याचा वरचा दर ३९.६ टक्क्यांचा ३७ झाला, म्हणजे देणगीची किंमत ६०.४ सेंटवरून ६३ सेंटवर गेली, बस. त्याला २४,००० चा उंबरठा जाणवतही नाही, त्याची बेरीज आधीच कितीतरी वर असते. सगळ्यात खालच्या उत्पन्नाचे लोक तर आधीपासूनच स्टँडर्ड डिडक्शनवाले, त्यांची किंमत २०१७ मधेही १ डॉलर होती आणि २०१८ मधेही १ डॉलर. दणका बसला तो मधल्या माणसाला, घरकर्ज फेडणाऱ्या, चर्चला किंवा फूड बँकेला किंवा मुलांच्या बँडला दोन चार हजार देणाऱ्या. छोट्या संस्थांच्या देणगीदारांच्या यादीत हाच माणूस असतो, आमच्याही होता.

कोणी म्हणेल, आणि हे म्हणणं चुकीचं नाही, की त्या जोडप्याचा एकूण कर तर कमी झाला ना, दर उतरले, मुलांमागची क्रेडिट १,००० ची २,००० झाली, हातात पैसे जास्त उरले तर त्यातून ते देतील. काही घरांनी दिलेही असतील. पण वाढलेले पैसे घरखर्च, गाडीची दुरुस्ती, कॉलेज अशा दहा वाटांनी जातात, आणि देणगीची वाढलेली किंमत मात्र फक्त देणगीवरच बसते, म्हणून दोन्ही एकमेकांना पुसून टाकतील असं धरून चालता येत नाही.

कायदा होण्याआधी यावर बरीच भांडणं झाली होती. इंडियाना विद्यापीठाच्या लिली फॅमिली स्कूल ऑफ फिलान्थ्रॉपीने मे २०१७ मधे, तेव्हा चर्चेत असलेल्या प्रस्तावांवरून, अंदाज मांडला होता की देणग्या वर्षाला १३.१ अब्ज डॉलरपर्यंत कमी होऊ शकतात, आणि संस्थांच्या संघटना एकच मागणी करत होत्या की आयटमाइज न करणाऱ्यालाही देणगी वजा करू द्या. ही मागणी काही आकाशातून पडलेली नव्हती. देणगीवरची वजावट १९१७ ची, पहिल्या महायुद्धासाठी आयकर वाढवला तेव्हाची, आणि स्टँडर्ड डिडक्शन आलं १९४४ मधे, तेव्हापासूनच हा प्रश्न आहे की ठोक वजावट घेणाऱ्याच्या देणगीचं काय. १९८१ च्या कायद्याने त्याला हळूहळू वाढणारी वजावट दिली होती, १९८६ मधे ती पूर्ण मिळाली आणि त्याच वर्षी संपलीसुद्धा. २०१७ मधे ती परत आणली नाही.

मग खरंच काय झालं. गिव्हिंग यूएसए हा दरवर्षीचा अहवाल सांगतो की २०१८ मधे अमेरिकेत एकूण ४२७.७१ अब्ज डॉलर दान झालं, म्हणजे आदल्या वर्षापेक्षा थोडं जास्त, पण महागाई वजा केली तर १.७ टक्के कमी. व्यक्तींनी दिलेलं दान २९२.०९ अब्ज, ते महागाई न धरताही १.१ टक्के घटलं आणि धरून ३.४ टक्के. एकूण दानात व्यक्तींचा वाटा ६८ टक्क्यांवर आला, १९५४ पासूनच्या नोंदीत पहिल्यांदाच तो ७० च्या खाली गेला. उरलेलं फाउंडेशन आणि कंपन्यांनी भरून काढलं म्हणून एकूण आकडा उभा राहिला. इथेच लोक फसतात, एकूण बेरीज बघून म्हणतात काही झालं नाही. अहो, बेरजेत एका अब्जाधीशाचा चेक हजारो घरांचे चेक झाकून टाकतो.

पण हे सगळं कायद्यामुळेच झालं का, यावर मी घाईने हो म्हणणार नाही. डिसेंबर २०१८ मधे शेअर बाजार जोरात पडला होता, आणि वर्षाचं सगळ्यात मोठं दान डिसेंबरमधेच होतं. शिवाय ज्यांना कायद्याची चाहूल होती त्यांनी डिसेंबर २०१७ मधेच दोन वर्षांचे चेक लिहून टाकले, कारण तेव्हा किंमत अजून ७५ सेंट होती, म्हणजे २०१७ चा आकडा फुगला आणि २०१८ त्याच्या शेजारी बारीक दिसला. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दान करणाऱ्या घरांचं प्रमाण या कायद्याच्या कितीतरी आधीपासून घसरतंय, २००० मधे अमेरिकेतली ६६ टक्के घरं देत होती, २०१८ मधे ५० टक्क्यांच्याही किंचित खाली. ती घसरण या कायद्याच्या माथी मारणं अन्यायाचं होईल.

म्हणून मला हान, हंगरमन आणि ऑटोनी-विल्हेल्म या तीन अर्थशास्त्रज्ञांचं २०२४ चं काम जास्त भरवशाचं वाटतं. त्यांनी एकूण बेरजेऐवजी तीच तीच घरं वर्षानुवर्षं पाहिली, ज्यांची आयटमाइज करण्याची स्थिती कायद्याने बदलली आणि ज्यांची नाही बदलली अशांची तुलना केली, आणि निष्कर्ष निघाला की या कायद्याने दान वर्षाला साधारण २० अब्ज डॉलरने कमी झालं. किंमत १० टक्के वाढली तर दान साधारण ६ टक्के घटतं असा त्यांचा हिशोब. आपल्या जोडप्याला तो लावला तर ढोबळमानाने त्यांची ४,००० ची देणगी साडेसहाशे ते आठशे डॉलरने उतरेल. ते देणं बंद करत नाहीत, फक्त चेकवरचा आकडा लहान होतो, आणि आमच्या रजिस्टरमधेही मला तेच दिसलं, नावं बरीचशी तीच होती, आकडे मात्र बारीक झाले.

यात एक टोचणारी गोष्ट आहे. जुन्या कायद्यात सरकारने त्या जोडप्याचे १,००० डॉलर सोडले होते, ते आता सरकारला मिळतात, आणि संस्थेचे जातात त्यापेक्षा कमी. त्यामुळे नुसता तिजोरीचा हिशोब करणारा माणूस म्हणेल सौदा चांगला झाला. तो हिशोब खोटा नाही, पण वाचलेले पैसे त्याच फूड बँकेकडे परत येणार असते तर मी तो मान्य केला असता, तसं कुठे होतं.

लोकांना हे कळलं उशिरा हेही लक्षात घ्या. २०१८ भर बहुतेक देणगीदार जुन्या सवयीने देत होते, ३१ डिसेंबरला जुन्या कपड्यांच्या पिशव्या घेऊन रांगेत उभे राहून पावती घेत होते, आणि त्या पावतीची किंमत शून्य आहे हे त्यांना २०१९ च्या मार्च एप्रिलमधे रिटर्न भरताना समजलं. फोन तेव्हाच का आले त्याचं कारण हे. म्हणजे कायद्याचा खरा परिणाम एका वर्षात मोजायला जाणं मुळातच चूक, सवय मोडायलाही वेळ लागतो.

ज्यांच्याकडे चांगला सल्लागार होता त्यांनी वाट काढली, दोन तीन वर्षांची देणगी एकाच वर्षात द्यायची, त्या वर्षी आयटमाइज करायचं आणि बाकीच्या वर्षी ठोक वजावट घ्यायची, याला बंचिंग म्हणतात. ऐकायला छान वाटतं, पण आपल्या जोडप्यासाठी करून बघा. दोन वर्षांचे ८,००० एकदम दिले तर बेरीज २३,०००, अजून उंबरठ्याच्या खालीच, फायदा काही नाही. तीन वर्षांचे १२,००० दिले तर २७,०००, म्हणजे २४,००० च्या वरचे फक्त ३,००० कामी आले, नव्या कायद्यात त्यांचा २५ टक्क्यांचा टप्पा २२ चा झाला, त्या २२ टक्क्यांनी ६६० डॉलर वाचले. त्यासाठी १२,००० रोख हाताशी हवेत. मधल्या घरात असतात का ते? ज्याच्याकडे असतात तो डोनर अ‍ॅडव्हाइज्ड फंडात एकदम मोठी रक्कम टाकतो, वजावट त्याच वर्षी घेतो, आणि संस्थांना पैसे नंतर सवडीने पाठवतो. किती दिवसात पाठवायचे याचं बंधन कायद्यात नाही, त्यामुळे देणगी झाली असं कागदावर दिसतं पण धान्याच्या पोत्यापर्यंत ती कधी पोचेल सांगता येत नाही. आमच्यासारख्या संस्थेसाठी तर बंचिंगचा अर्थ असा की एक देणगीदार एका वर्षी तिप्पट देतो आणि मग दोन वर्षं गप्प, आणि आम्हाला दर महिन्याला गोदामाचं भाडं भरायचंच असतं.

फोन करणाऱ्या त्या गृहस्थांना मी शेवटी एक गोष्ट विचारली, तुमचं वय सत्तरच्या पुढे आहे का आणि निवृत्तीचं आयआरए खातं आहे का. दोन्ही होतं. साडेसत्तर वर्षांच्या पुढच्या माणसाला त्या खात्यातून थेट संस्थेला देणगी पाठवता येते, तेव्हा वर्षाला १ लाख डॉलरपर्यंत, ती रक्कम उत्पन्नात धरली जात नाही आणि त्यासाठी आयटमाइज करावं लागत नाही. २०१५ मधे ही सोय कायमची झाली आणि २०१८ नंतर तिचं महत्त्व एकदम वाढलं, पण छोट्या संस्था आपल्या पत्रात हे लिहितच नव्हत्या, आम्हीही नव्हतो लिहीत. ती आमचीच चूक होती आणि पुढच्या पत्रात आम्ही ती सुधारली. फक्त चेकवर खात्याच्या कंपनीचं नाव असतं, देणगीदाराचं बऱ्याचदा दिसत नाही, मग कोणाचे पैसे आले ते शोधत बसावं लागतं, म्हणून देणगीदाराने आधी फोन करून ठेवावा असंही त्यात लिहिलं.

संस्थांवर थेट बसलेल्या गोष्टीही होत्या. मोठ्या विद्यापीठांच्या निधीच्या उत्पन्नावर १.४ टक्के कर, आणि १० लाख डॉलरच्या वर पगार घेणाऱ्या संस्थाप्रमुखांच्या वरच्या रकमेवर संस्थेला २१ टक्के, हे आमच्यासारख्यांना लागूच नव्हते. पण कर्मचाऱ्यांना दिलेल्या पार्किंगच्या आणि बस पासच्या खर्चावरही २१ टक्के कर बसवला, जणू तो संस्थेचा धंद्यातला नफा आहे. ज्या चर्चनी आणि संस्थांनी आयुष्यात कधी त्या कराचं रिटर्न भरलं नव्हतं त्या पार्किंगच्या जागा मोजायला बसल्या. कर किती होता यापेक्षा तो हिशोब करून देणाऱ्याची फी जास्त, अशी कित्येकांची अवस्था. डिसेंबर २०१९ मधे संसदेने ते कलम मागच्या तारखेपासून रद्द केलं, म्हणजे भरलेले पैसे परत मिळायची सोय झाली, पण परताव्यासाठी पुन्हा कागद भरायचे होते, आणि हे सगळं करणारी माणसं आपलं मूळ काम बाजूला ठेवून करत होती याचा मला अजून राग येतो.

२०२० मधे कोविड आला आणि जे २०१७ मधे नाकारलं होतं ते छोट्या स्वरूपात आलं, आयटमाइज न करणाऱ्याला ३०० डॉलरपर्यंतची रोख देणगी वजा करता येईल, २०२१ मधे जोडप्याला ६००. पहिल्या वर्षी ४ कोटींहून जास्त रिटर्नमधे ती घेतली गेली, यावरून कळतं की सामान्य माणूस या सवलतीकडे बघत नाही हे म्हणणं किती पोकळ आहे. २०२१ संपलं आणि तीही संपली.

आता ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या नव्या कायद्याने मोठी ठोक वजावट कायमची केली, २०२६ साठी जोडप्याला ३२,२०० डॉलर, आणि २०२६ पासून आयटमाइज न करणाऱ्यालाही देणगीची वजावट दिली, एकट्याला १,०००, जोडप्याला २,०००, तीही फक्त रोख देणगीवर, आणि डोनर अ‍ॅडव्हाइज्ड फंडाला दिलेली चालत नाही. मला ही अट योग्यच वाटते. आपलं जोडपं २२ टक्क्यांच्याच टप्प्यात राहिलं असं धरलं तर ४,००० पैकी २,००० वर ४४० डॉलर परत मिळतील. काहीच नव्हतं त्यापेक्षा बरं, पण त्यातला बारकावा बघा, जो आधीच २,००० च्या वर देतो त्याच्या पुढच्या प्रत्येक डॉलरची किंमत अजून १ डॉलरच आहे, त्याला जास्त द्यायला काही कारण मिळत नाही. जो आज पाचशे देतो त्याला मात्र हजार करायला कारण मिळतं. म्हणजे ही सवलत नव्या आणि छोट्या देणगीदारासाठी जास्त कामाची, आणि संस्थांनी पत्रं कोणाला पाठवायची हे यावरून ठरवायला हवं.

त्याच कायद्याने दुसऱ्या हाताने घेतलंसुद्धा. आयटमाइज करणाऱ्याची उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यांपर्यंतची देणगी आता वजा होत नाही, २ लाख डॉलर उत्पन्न असेल तर पहिले १,००० गेले. ३७ टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला वजावटीचा फायदा ३५ टक्क्यांनीच मिळणार, त्याची किंमत ६३ वरून ६५ सेंट. आणि कंपन्यांना करपात्र उत्पन्नाच्या १ टक्क्याच्या वर दिलं तरच वजावट. ही शेवटची अट छोट्या गावातल्या संस्थांना लागेल असं मला वाटतं, कारण तिथे कार्यक्रमाला पाचशे ते हजार डॉलर देणारी कंपनी बहुतेकदा १ टक्क्याच्या जवळपासही नसते. काही कंपन्या तीच रक्कम देणगीऐवजी जाहिरातीच्या खात्यातून देतील, मग संस्थेला त्यांचं नाव बॅनरवर मोठं छापावं लागेल, आणि ते प्रायोजकत्व आहे की जाहिरात हा वेगळा कराचा प्रश्न उभा राहील.

रजिस्टरमधे मी आता एक रकाना वाढवलाय, देणगीदाराने मागच्या वर्षी किती दिलं याच्या शेजारी तो २,००० च्या खाली आहे की वर. गेल्या डिसेंबरला खालच्यांना वेगळं पत्र गेलं, की जानेवारीपासून तुमच्या देणगीचीही कर भरताना गणती होणार आहे, पावती जपून ठेवा. त्या गृहस्थांचं नाव त्या यादीत नव्हतं, ते अजून आयआरएमधूनच पाठवतात, आणि पाठवायच्या आधी न चुकता फोन करतात.